एकाच हातची गाडी

मान्यवर साडूभाऊ,

दुसऱ्याने वापरून सोडलेली गाडी आयुष्यभर स्वतःची म्हणून पुसणाऱ्या माझ्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! नव्या गाड्यांच्या दुकानात आपल्याला कोणी पाणी विचारत नाही आणि जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर पाणी पाजल्याशिवाय कोणी सोडत नाही. आपण मूर्ख आहोत म्हणून फसत नाही. आपल्याला गाडी हवीच आहे, आजच हवी आहे, तिच्यावाचून घरातल्या कोणाचं तरी अडलं आहे, हे आपल्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आणि ते ज्याला वाचता येतं, नेमकी त्याच्याकडेच गाडी असते!

(इथवर थोरलीला वाचून दाखवलं. थोरली, म्हणजे माझी बायको आणि तुमच्या बायकोची मोठी बहीण. तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण रागाच्या भरात माणूस नाती विसरतो. ती म्हणाली, "अहो, हे पत्र आहे. समोर एकच माणूस आहे आणि तो आधीच चिडलेला आहे." तिचं म्हणणं मान्य करून मी आवाज खाली आणतो. कागदावर तो आणता येतो का, बघू.)

तर साडूभाऊ, तुम्ही कसे आहात? पाठ कशी आहे? तुमच्या चष्म्याच्या दुकानात ती अक्षरांची पाटी अजून तीच आहे का, जिच्यातली शेवटची ओळ मला दिसत नाही असा निकाल तुम्ही दिला होता? (दिसत होती. ती चुकीची छापली आहे. एक अक्षर उलटं बसलं आहे, म्हणून मी वाचायला नकार दिला. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाकडून तुम्ही चुकीचा मजकूर बिनतक्रार वाचून घेऊ शकत नाही.) धाकटी बरी असेल. तिच्या हातची भांडी अजून तशीच आपटतात का? आमच्याकडे भांडी शांत आहेत. थोरलीला उभं राहवत नाही, त्यामुळे घासतो मी, आणि मी भांडी घासताना बोलतो, आपटत नाही.

तुम्ही चार वर्षं माझा फोन उचलत नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. धाकटीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि मी चाळीस मिनिटं बोललो, हे खरं. त्यात मध्यमवर्गाच्या भेकडपणाला उदाहरण हवं होतं आणि तुम्ही समोरच बसला होतात, हेही खरं. तुमच्या छोट्या करड्या गाडीला मी 'चाकं लावलेला डबा' म्हणालो. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारा माणूस क्रांती कशी करणार, असा सवाल मी सभेला केला. सभा हसली. तुम्ही ताट खाली ठेवून उठलात. भाषण म्हणून ते चांगलं होतं, साडूभाऊ. पण काही भाषणं घरात करायची नसतात, हे मला भाषण संपल्यावरच कळतं.

आता मूळ मुद्दा. काल संध्याकाळी धाकटीचा थोरलीला फोन आला. कळलं ते असं की तुम्ही एक वेगवान लाल गाडी हेरून ठेवली आहे: चार दारांची, रुंद टायरांची, मागे धुराची दोन-दोन नळकांडी, खाली वाकून बसावं लागतं अशी, आणि सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली. या नव्हे, पुढच्या रविवारी तुम्ही ती बघायला जाणार, आणि आवडली तर करडी गाडी विकून टाकणार. तुमच्या वयाच्या माणसाला असं एकदा वाटतंच. मला त्याची थट्टा करायची नाही. (थोरली म्हणते, करूच नका.) पण मी अशीच गाडी घेतली, अशीच लाल, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली, आणि काल सकाळी तिने आमचं काय केलं ते तुमच्यापर्यंत अजून आलेलं नाही. थोरलीने फोनवर धाकटीला "आमची गाडी मस्त आहे" एवढंच सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

तुम्हाला ठाऊक आहे की मंगळवार, गुरुवार, शनिवार थोरलीला डायलिसिसला न्यावं लागतं. सकाळी सातला. इस्पितळ इथून साठ किलोमीटर. वॉर्डात नऊ यंत्रं आहेत आणि यादीत किती माणसं आहेत ते मोठी नर्स सांगत नाही, नुसती वहीवर हात ठेवते. सातची जागा म्हणजे सातची जागा. साडेसातपर्यंत आला नाहीत तर त्या यंत्राला दुसरं माणूस लागतं, कारण बाहेर बाकावर कोणीतरी वाट बघत बसलेलंच असतं. आणि महिन्यात दोनदा चुकलात तर जागाच जाते, मग पुन्हा यादीच्या शेपटाला. ही क्रूरता नव्हे. मी त्याविरुद्ध भाषण करायला उभा राहिलो होतो आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे बघून खाली बसलो. तो माणूस आमच्या चुकण्याची वाट बघत होता आणि त्याचं काहीही चुकत नव्हतं.

चार वर्षं आम्ही इस्पितळाच्या व्हॅनने गेलो. ती अकरा जणांना गोळा करत जाते. आमचं घर मार्गावर पहिलं, म्हणून आम्ही पहाटे चारला चढायचो आणि परतताना सगळ्यांच्या शेवटी उतरायचो. म्हणून गाडी घ्यायची ठरली. आणि गाडी आली त्याच दिवशी मी व्हॅनच्या कारकुनापुढे जाऊन आमच्या दोन जागा सोडून दिल्या. तो भला माणूस म्हणाला, "काका, जरा थांबा. गाडी महिनाभर चालवून बघा. परत जागा मिळायला तीन महिने लागतात." मी म्हणालो, स्वावलंबनाला मुदत नसते. रांगेतल्या इतरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना दोन जागा मिळणार होत्या.

आता गाडी घेण्याचा प्रसंग सांगतो. कागद-पेन्सिल घ्या, कारण मी केलं त्याच्या बरोबर उलट तुम्हाला करायचं आहे.

विकणारा माणूस गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. त्याला मी 'मधाचं बोट' म्हणतो. पांढरा शर्ट, हातात ओला फडका, आणि आपण काहीही म्हटलं की "अगदी माझ्या मनातलं बोललात". माझ्यासारख्या माणसासाठी, साडूभाऊ, हे वाक्य म्हणजे उघड्या जखमेवर फुंकर. एकतीस वर्षं मी छापखान्याच्या दाराशी ओरडलो, मालकांना आणि कामगारांना दोघांनाही, आणि एकदाही कोणी मला असं म्हटलं नव्हतं. थोरली बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. मी एकटाच आत गेलो. मिस्त्री बरोबर न्यावा असं शेजाऱ्याने सुचवलं होतं. मी तत्त्व म्हणून नेला नाही. माणसाने माणसाकडे जाताना हेर घेऊन जाऊ नये, असं मी जन्मभर सांगत आलो. (आता सांगतो: मिस्त्री न्या. दोन न्या. दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवायला.)

मी बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट. मला वाटलं, काय हा आदर! पाहुणा येणार म्हणून याने गाडी आधीच तयार करून ठेवली. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करताना जे काही खोटं असेल ते बाहेर पडतं. इंजिनातली साखळी सैल असेल तर दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखडते, तेल जळत असेल तर मागून निळसर धूर येतो. गरम इंजिन झोपेतून उठून तोंड धुतलेल्या माणसासारखं असतं, त्याने रात्री काय केलं ते कळत नाही. तुम्ही जाल तेव्हा न सांगता जा, सकाळी लवकर जा, आणि बॉनेट कोमट लागलं तर नमस्कार करून परत फिरा.

मग त्याने नोंदवही दाखवली, कधी तेल बदललं, कधी काय दुरुस्त केलं, त्याची. अकरा वर्षांच्या नोंदी. सगळ्या एकाच हस्ताक्षरात, एकाच निळ्या शाईत, शिक्के सगळे सारख्याच दाबाचे. तुम्ही चष्मेवाले, तुम्हाला लगेच संशय आला असता. मला मात्र गहिवरून आलं! अकरा वर्षं एकच कामगार एकाच जागी टिकून आहे, त्याला कोणी काढलं नाही, कंत्राटावर टाकलं नाही, तोच माणूस तेच पेन घेऊन प्रामाणिकपणे नोंदी करतो आहे! मी मधाच्या बोटापुढे कायमस्वरूपी नोकरीच्या महत्त्वावर बोललो. तो म्हणाला, अगदी माझ्या मनातलं बोललात. ("एकाच हातची गाडी आहे," असं तो वारंवार सांगत होता. त्याचा अर्थ एकच मालक. पण खरं म्हणजे ती वही एकाच हातची होती, आणि तो हात बहुधा एकाच दुपारी चालला होता.)

मागचा डावा दरवाजा बाकीच्यांपेक्षा किंचित नारिंगी होता, आणि त्याच्या नि खांबाच्या मधल्या फटीत माझं बोट जात होतं, तर उजवीकडे नख जात नव्हतं. म्हणजे गाडी कुठेतरी कोणालातरी भेटलेली होती. मी म्हणालो, समता म्हणजे सारखेपणा नव्हे. चार टायर चार वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि पुढचे दोन्ही आतल्या कडेने गुळगुळीत झालेले, म्हणजे चाकांची ठेवण बिघडलेली. मी म्हणालो, चार कंपन्या एका गाडीखाली एकजुटीने उभ्या आहेत, हे दृश्य आमच्या संघटनेला कधी दाखवता आलं नाही. स्टिअरिंगचं कातडं म्हशीच्या शिंगासारखं चकाकत होतं आणि पायाखालच्या पेडलचं रबर मात्र कालच बसवल्यासारखं नवं. ज्याचे हात इतके झिजले त्याचे पाय का झिजले नाहीत, हा प्रश्न कोणत्याही विचारी माणसाने विचारला असता. मी विचारी माणूस आहे, पण त्या वेळी मी बोलत होतो.

शेवटी तेलाचं झाकण. तेवढं तरी उघडाच, साडूभाऊ, बाकी काही नाही केलंत तरी. इंजिनावर, जिथून तेल ओततात, ते गोल झाकण फिरवून काढा आणि उलटं करून बघा. आतून काळं तेलकट असायला हवं. माझ्या गाडीच्या झाकणाला आतून साबणाच्या फेसासारखा पिवळट पांढरा लेप होता. मधाचं बोट म्हणालं, हवेतला ओलावा. खरा अर्थ असा की इंजिन थंड ठेवणारं पाणी तेलात शिरत होतं. जिथे शिरायला नको तिथे पाणी शिरलं की काय होतं, ते आमच्या घरात कोणाला शिकवायला नको. डॉक्टर दर आठवड्याला थोरलीच्या पायावर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते बघतात.

फेरी मारायला गेलो तेव्हा त्याने गाणी लावली आणि मी संपत्तीच्या वाटपाबद्दल बोललो. दुसऱ्यावरून तिसऱ्या गियरला जाताना गाडी पाठीत गुद्दा घालायची. मला वाटलं, जोर आहे. तुम्ही गाणी बंद करा, तोंड बंद करा, काचा खाली करा, भिंतीच्या कडेने चालवा म्हणजे आवाज परत येतो, आणि ऐका. एकदा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित सोडून बघा. एकदा करकचून ब्रेक लावून बघा. आणि दहा मिनिटांत परत फिरू नका. माणूस काय, गाडी काय, पहिली दहा मिनिटं सगळेच सभ्य असतात.

घेतली.

आणि आता न्यायाने वागायचं तर सांगितलं पाहिजे की सात आठवडे ती वाऱ्यासारखी धावली. पहाटे चारऐवजी साडेपाचला निघायचो. थोरलीला दीड तास झोप जास्त मिळायची, आणि ती झोपायची नाही, पाचलाच तयार होऊन पायरीवर बसायची. मोठ्या रस्त्याला लागलं की म्हणायची, "दाबा ना जरा." मी दाबायचो. एकदा इस्पितळाची व्हॅन पुढे दिसली. मागच्या काचेतून ते ओळखीचे चेहरे, माना टेकवून झोपलेले. आम्ही बाजूने सर्रकन निघून गेलो आणि थोरलीने मागे वळून हात हलवला. मग इस्पितळात पोचेपर्यंत ती गालात हसत होती. त्या दिवशी नर्सने रक्तदाब दोनदा मोजला. तिचा विश्वास बसेना.

काल, गुरुवारी, सहा वाजून वीस मिनिटांनी, लांब पुलाच्या मध्यावर, उष्णतेचा काटा उठून सरळ उभा राहिला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. (मी अनेक सरकारांकडे असंच दुर्लक्ष केलं आहे.) मग बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ आली, तिला गोडसर वास होता, आणि गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडला. पुलावर थांबायला जागा नाही. मागून मालट्रक कर्णे वाजवत अंगावरून जात होते. थोरलीला मी कठड्याशी नेलं, तिची डायलिसिसची पिशवी, त्यातलं जाड पांघरूण, डबा, सगळं घेऊन. ती कठड्याला टेकून उभी राहिली, आणि मी रस्त्यावर उभा राहून हात करू लागलो. साडूभाऊ, माझ्या एका हाकेवर दोनशे माणसं छापखान्याबाहेर आलेली आहेत. काल पन्नास मिनिटांत एकही परकी गाडी थांबली नाही. काहींनी माझे हातवारे बघून वेग वाढवला.

त्या पन्नास मिनिटांत व्हॅनही गेली. चालकाने थांबवली, हे त्याचे उपकार. पण अकरा जागा, अकरा माणसं. आमच्या दोन जागांवर एक नवरा-बायको बसले होते. बाई उठायला लागली. थोरलीने खालूनच तिला हाताने बसवलं आणि म्हणाली, "तुमची सातची वेळ आहे ना? जा." व्हॅन गेली. मी तोंड उघडलं. थोरली म्हणाली, "एक शब्द नको." मी तिला विचारलं की बसायचंय का. म्हणाली, "पुलावर कुठे बसू? तुमच्या स्वावलंबनावर?"

पोचलो आठला, उसाच्या... नव्हे, विटांच्या एका ट्रकमधून. (खोडतो आहे. घाईत दुसऱ्याच ट्रकचं लिहीत होतो, तो थांबला नव्हता.) यंत्र बाकावरच्या म्हाताऱ्याला लागलं होतं. मोठ्या नर्सने वहीत लाल खूण केली, तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं तिच्याबद्दल लिहून ठेवतो. म्हणाली, "काका, या महिन्यातली ही एक. दुसरी होऊ देऊ नका. दुसरी झाली तर माझ्या हातात काही नाही." मग हळू आवाजात, थोरलीला ऐकू जाणार नाही असं, शनिवारपर्यंत पाणी किती प्यायचं ते सांगितलं. दोन वाट्या. दिवसाला. औषधांसकट.

मिस्त्रीने गाडी ओढून आणली. बॉनेट उघडलं, तेलाचं झाकण काढलं, उलटं केलं, माझ्यासमोर धरलं.

"हे घेताना बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं."

"मग?"

मी झाकण त्याच्या हातातून घेऊन परत बसवलं. तो म्हणाला, इंजिनाचं डोकं वाकलंय, आतलं गॅस्केट गेलंय, गियरबॉक्सही आजउद्या जाईल, पण तुम्हाला आता त्याची काळजी करायचं कारण नाही, मेलेल्याला पडसं होत नाही. फडक्याला हात पुसत त्याने एवढंच विचारलं की काकू कशा आहेत.

थोरली आज दिवसभर खिडकीशी बसून आहे. ओठांना ओला कापूस लावते. धाकटीला फोनवर सांगितलेलं वाक्य तुम्ही वर वाचलंत. मी हे पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लिहितो आहे, म्हणजे पाण्याचा नळ वाजला तर तिला ऐकू जाणार नाही असं दार लावून घेता येतं.

तेव्हा साडूभाऊ, लाखो किलोमीटर पळालेल्या वेगवान गाडीच्या नादी लागू नका. लागलातच, तर वर लिहिलेलं तपासा: थंड इंजिन, वहीतली शाई, दारांच्या फटी, टायरांच्या कडा, पेडलचं रबर, तेलाचं झाकण. एवढं करून सगळं ठीक निघालं, तरीही आठवड्यातून तीन दिवस कोणाचा जीव त्या गाडीवर टांगलेला असेल तर ती घेऊ नका. वेगवान गाडी ज्याला कुठेच पोचायचं नसतं त्याच्यासाठी असते.

तुमच्या करड्या गाडीबद्दल मी चार वर्षांपूर्वी जे बोललो ते भाषणाच्या ओघात बोललो. ओघ ओसरल्यावर तळाशी जे राहिलं आहे ते या पत्रात आहे.

धाकटीला आशीर्वाद. तुम्हाला, वयाने मोठा असूनही, नमस्कार.

तुमचा,
थोरलीचा नवरा

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वर एक धडधडीत खोटं लिहिलं आहे आणि ते तसंच छापायला सोडवत नाही. थोरली त्या दिवशी बाहेर खुर्चीवर बसली नव्हती. ती गाडीत बसली होती. मी अजून दाराशी होतो तेव्हाच तिने लाल गाडीचं दार उघडलं, आत बसली, खुर्ची मागे टेकवली, आणि खाली केलेल्या काचेवर डावा हात ठेवला. सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली शीर असलेला तो हात. चार वर्षं ती तो लांब बाहीत लपवते, माझ्यापासूनसुद्धा. त्या दिवशी बाही वर गेली होती आणि तिचं लक्षच नव्हतं. तिने मधाच्या बोटाला विचारलं, "किती जोरात जाते हो ही?" मग मला म्हणाली, "चार वर्षं त्या व्हॅनला सगळे मागे टाकून जातात. ट्रॅक्टरसुद्धा. मला एकदा कुणाला तरी मागे टाकून जायचंय."

आणि साडूभाऊ, अकरा वर्षांच्या नोंदी एका बैठकीत लिहिलेल्या आहेत हे मला, मुद्रितं तपासणाऱ्याला, दिसलं नाही, यावर तुमचा खरंच विश्वास बसला? पहिलं पान उलटतानाच दिसलं. दार दिसलं, टायर दिसले, रबर दिसलं, झाकण तर मीच हाताने खुणावून उघडायला लावलं. कामगार, समता, एकजूट, ही सगळी भाषणं मी नंतर घरी बसून या पत्रासाठी रचली. तिथे मी एकही वाक्य बोललो नाही. बोलायला तोंड उघडलं होतं. तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला चूक दिसली आणि मी समासात खूण केली नाही.

दुसरा ता. क. तेव्हा गाडी घेताना काय तपासायचं हे मला आधीपासून ठाऊक होतं, आणि तुम्हालाही असणार, तुम्ही माझ्याहून सावध माणूस आहात. या पत्रातला तो सगळा सल्ला फुकट आहे. तुम्हाला रविवारी ती गाडी आवडली तर जरूर घ्या. धाकटीला पुढे बसवा आणि एकदा दाबा.

तिसरा ता. क. उद्या शनिवारी छापखान्याचा टेम्पो आम्हाला नेणार आहे, कागदाच्या रिळांमध्ये बसून. त्या चालकाने एकदाच हो म्हटलं आहे. मंगळवारची काहीच सोय नाही. मंगळवार चुकला तर ती दुसरी लाल खूण. थोरली तुम्हाला सांगणार नाही, आणि चार वर्षांपूर्वी मी जे बोललो त्यानंतर मला सांगायला तोंड नाही, म्हणून एवढी पानं लागली. पत्र तातडीच्या टपालाने टाकतो आहे, सोमवारी मिळेल. उत्तर लिहू नका, फोन करू नका. मी मागे बसेन आणि साठ किलोमीटर एक शब्द बोलणार नाही. उतारावर इंजिन बंद केलंत तरी नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला तुमची करडी गाडी आमच्या दाराशी आणा. पुढची खुर्ची शेवटपर्यंत मागे सरकवून ठेवा. शनिवारनंतर मधे दोन दिवस जातात, मंगळवारी तिचे पाय फार सुजलेले असतात.